रांगेत शेवटी कोण?
(आरोग्यसेवेचे रेशनिंग आणि अपंगांची भीती : एक अभ्यास)



गेल्या वर्षावासात आमच्या संस्थेच्या अभ्यासवर्गात विनयपिटकातील महावग्गाचे वाचन चालू होते. आजारी भिक्खूचा प्रसंग वाचून झाल्यावर बारावीतील एका विद्यार्थ्याने प्रश्न विचारला, "दवाखान्यात खाट एकच आहे आणि रुग्ण दोन आहेत. एक धडधाकट, दुसरा अपंग. मग खाट कोणाला द्यायची?" एक ज्येष्ठ सभासद म्हणाले, जो आधी आला त्याला. दुसरे म्हणाले, ज्याची प्रकृती अधिक चिंताजनक त्याला. तिसरे म्हणाले, "ज्याचा घराला आणि समाजाला उपयोग आहे त्याला." अनेकांनी माना डोलावल्या.

मागच्या रांगेत आमच्या एक भगिनी बसल्या होत्या. त्यांच्या एकोणीस वर्षांच्या मुलीला जन्मापासून डाऊन सिंड्रोम आहे. त्या वर्गात काहीच बोलल्या नाहीत. परतताना मात्र त्यांनी आम्हांस सांगितले, "मुलगी तान्ही असताना तिच्या हृदयाला छिद्र निघाले. एका डॉक्टरांनी विचारले, अशा मुलीवर एवढा खर्च कशाला करता? आज विहारात तेच पुन्हा ऐकले." शस्त्रक्रिया पुढे दुसरीकडे झाली. तीच मुलगी दर रविवारी विहारात सतरंज्या अंथरते, हे आपण सर्व जण पाहतो.

माना डोलावणाऱ्यांत आम्हीही होतो, हे येथे कबूल केले पाहिजे. म्हणूनच या प्रश्नाचा नीट अभ्यास करावा असे ठरविले. हा प्रश्न जगात सर्वांत मोठ्या आवाजात अमेरिकेत चर्चिला गेला. प्रस्तुत लेखात त्या वादाची माहिती देऊन त्यातून आपण काय शिकावे याचा ऊहापोह केला आहे.

१. रेशनिंग म्हणजे काय?

रेशनचे दुकान आपल्या परिचयाचे आहे. धान्य कमी आणि खाणारी तोंडे जास्त असली की वाटप नियमाने करावे लागते. आरोग्यसेवेचेही तसेच आहे. डॉक्टर, खाटा, औषधे आणि पैसा यांना मर्यादा असते. म्हणून कोणाला काय मिळेल हे कोठे ना कोठे ठरतेच. ते सरकारी नियमाने ठरते, विमा कंपनीच्या अटींनी ठरते किंवा रुग्णाच्या खिशावरून ठरते.

अमेरिकेत फार काळ ते विमा कंपन्यांच्या अटींनी आणि खिशावरून ठरत होते. १९६५ च्या कायद्याने तेथे दोन सरकारी योजना सुरू झाल्या. वृद्धांसाठी 'मेडिकेअर' आणि गरिबांसाठी 'मेडिकेड'. १९७२ मध्ये मेडिकेअरचा लाभ काही अपंगांनाही देण्यात आला. परंतु बाकीच्या जनतेला खाजगी विम्यावर अवलंबून राहावे लागे. २००८ साली तेथील ४ कोटी ६० लाखांहून अधिक लोकांकडे कोणताही विमा नव्हता. ज्याला आधीपासून आजार किंवा अपंगत्व आहे त्याला अनेक राज्यांत विमा कंपन्या सरळ नकार देत. म्हणजेच रेशनिंग चालू होतेच. फक्त त्याला कोणी रेशनिंग म्हणत नव्हते.

२. २००९ ची अफवा

ही परिस्थिती बदलण्यासाठी राष्ट्राध्यक्ष बराक ओबामा यांच्या काळात, जुलै २००९ मध्ये, प्रतिनिधीगृहात आरोग्य सुधारणेचे एक विधेयक मांडले गेले. त्यात कलम १२३३ होते. आपल्या अखेरच्या आजारात कोणते उपचार हवेत आणि कोणते नकोत, याविषयी मेडिकेअरच्या रुग्णाने डॉक्टरांशी आधीच बोलून ठेवायचे ठरविले, तर त्या सल्ल्याची फी सरकार देईल, एवढाच त्याचा आशय होता. असा सल्ला घेण्याची सक्ती नव्हती.

परंतु न्यूयॉर्क राज्याच्या माजी उपराज्यपाल बेट्सी मॅकॉघी यांनी रेडिओवर असे सांगितले की हा सल्ला सक्तीचा असून वृद्धांना लवकर मरण कसे पत्करावे हे त्यात शिकविले जाईल. त्यानंतर ७ ऑगस्ट २००९ रोजी अलास्काच्या माजी राज्यपाल सारा पेलिन यांनी जाहीरपणे लिहिले की सरकारी अधिकाऱ्यांचे एक 'मृत्यू मंडळ' नेमले जाईल, आणि समाजाला कोणाचा किती उपयोग आहे हे पाहून कोणाला उपचार द्यायचे ते ठरवील. त्यांनी स्वतःचे वृद्ध आईवडील आणि डाऊन सिंड्रोम असलेले आपले तान्हे मूल यांचा उल्लेख केला. तो शब्द वणव्यासारखा पसरला. गावोगावच्या सभांत लोक ओरडू लागले. त्याच महिन्यात प्यू या संस्थेने पाहणी केली, तेव्हा ज्यांच्या कानावर ही गोष्ट गेली होती त्यांपैकी सुमारे ३० टक्के लोकांना ती खरी वाटत होती.

वस्तुस्थिती अशी की विधेयकात असे मंडळ कोठेही नव्हते. वृत्तांची सत्यता तपासणाऱ्या 'पॉलिटिफॅक्ट' या संस्थेने या दाव्याला त्या वर्षातील सर्वांत मोठे असत्य ठरविले. तरीही खासदारांनी घाबरून ते कलम काढून टाकले. २३ मार्च २०१० रोजी कायदा झाला तो त्या कलमाविनाच. पुढे १ जानेवारी २०१६ पासून डॉक्टरांच्या त्याच सल्ल्याची फी मेडिकेअरने नियमाद्वारे देण्यास सुरुवात केली, आणि तेव्हा तसा गोंधळ झाला नाही. दरम्यानची सहा वर्षे अफवेपायी वाया गेली.

कालाम लोकांना तथागतांनी जो उपदेश केला तो आपणांस ठाऊक आहे. केवळ ऐकिवात आहे म्हणून, परंपरेने आले म्हणून किंवा सांगणारा मोठा आहे म्हणून काही स्वीकारू नये. येथे तपासणी सोपी होती, कारण विधेयकाचा मजकूर सर्वांसाठी खुला होता.

३. अफवा खोटी, मग भीती कशाची?

अफवा खोटी होती असे म्हणून आपण थांबलो तर अभ्यास अर्धा राहील. कोरड्या गवतावरच ठिणगी पेट घेते. ते गवत कोठून आले हेही पाहिले पाहिजे.

एप्रिल १९८२ मध्ये इंडियाना राज्यातील ब्लूमिंग्टन येथे डाऊन सिंड्रोम असलेले एक बालक जन्मले. त्याची अन्ननलिका पोटाशी नीट जोडलेली नव्हती. शस्त्रक्रियेने हा दोष दूर करता येत होता. परंतु पालकांनी शस्त्रक्रिया नाकारली आणि न्यायालयाने त्यांचा निर्णय मान्य केला. ते बालक सहा दिवसांत गेले. त्याला मतिमंदत्व नसते तर शस्त्रक्रिया झाली असती, हे उघड होते. देशभर संताप उसळला आणि १९८४ मध्ये अमेरिकन संसदेने अशा बालकांच्या संरक्षणासाठी कायद्यात दुरुस्ती केली.

१९९५ मध्ये कॅलिफोर्नियातील डाऊन सिंड्रोम असलेल्या एका महिलेला हृदय व फुप्फुसांच्या प्रत्यारोपणाची गरज होती. ती पस्तिशीची होती, नोकरी करीत होती आणि अपंगांच्या हक्कांसाठी कामही करीत होती. शस्त्रक्रियेनंतरची औषधे तिला नीट घेता येणार नाहीत, असे म्हणून प्रथम तिला नकार मिळाला. अपंग संघटनांनी आवाज उठविल्यावर जानेवारी १९९६ मध्ये तिची शस्त्रक्रिया झाली.

म्हणजे 'मृत्यू मंडळ' नव्हते, पण 'अशा माणसावर खर्च कशाला' हा विचार होता. मंडळाची गरजच नव्हती. तो विचार शिकल्यासवरल्या, सुस्वभावी माणसांच्या मनात घर करून होता, जसा तो आमच्या अभ्यासवर्गातही निघाला.

४. ऑरेगनची यादी

रेशनिंग उघडपणे, कायद्याने करून पाहण्याचा प्रयत्न ऑरेगन राज्यात झाला. १९८७ मध्ये त्या राज्याने मेडिकेडमधून बहुतेक अवयव प्रत्यारोपणांचा खर्च देणे बंद केले. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये रक्ताचा कर्करोग झालेला सात वर्षांचा एक मुलगा उपचारासाठी वर्गणी गोळा होत असतानाच वारला. राज्याच्या सिनेटचे तत्कालीन अध्यक्ष जॉन किट्झहॅबर हे स्वतः डॉक्टर होते. त्यांचे म्हणणे असे होते की मोजक्या लोकांना सर्व काही आणि उरलेल्यांना काहीच नाही, यापेक्षा सर्व गरिबांना योजनेत घ्यावे आणि कोणते उपचार द्यायचे त्याची उघड यादी करावी. १९८९ मध्ये तसा कायदा झाला.

हा हेतू वाईट नव्हता, हे लक्षात ठेवावे. लपूनछपून होणाऱ्या रेशनिंगपेक्षा उघड यादी केव्हाही बरी. परंतु १९९० मध्ये संगणकाने केलेली पहिली यादी पाहून सर्व चकित झाले. गर्भाशयाबाहेर गर्भ राहिल्यास स्त्रीच्या जिवावर बेतते. त्यावरील शस्त्रक्रियेच्या वर दाताला टोपी बसविण्याचा क्रमांक लागला होता! ती यादी मागे घेतली गेली. १९९१ मध्ये ७०९ ओळींची नवी यादी तयार झाली आणि त्यांपैकी ५८७ व्या ओळीपर्यंतचे उपचार द्यायचे ठरले.

ही यादी करताना सुमारे एक हजार नागरिकांना टेलिफोनवरून प्रश्न विचारले होते. अमुक व्याधी असताना, चालता येत नसताना किंवा दुसऱ्याच्या मदतीने जगावे लागत असताना ते जीवन किती चांगले वाटेल, त्याला गुण द्या, असे ते प्रश्न होते. त्या गुणांचा उपयोग उपचारांची किंमत ठरविताना झाला. ऑगस्ट १९९२ मध्ये केंद्र सरकारने या योजनेला परवानगी नाकारली. १९९० च्या अपंग हक्क कायद्याचा त्यात भंग होतो, अपंगांचे जीवन कमी मोलाचे असा समज या गुणांत मुरलेला आहे, असे कारण देण्यात आले. ऑरेगनने ते गुण काढून यादी पुन्हा केली. मार्च १९९३ मध्ये परवानगी मिळाली आणि फेब्रुवारी १९९४ पासून योजना सुरू झाली. पूर्वी मेडिकेडच्या बाहेर राहिलेल्या अनेक गरिबांना तिचा लाभ झाला.

येथे विद्यार्थ्यांनी एक गोष्ट टिपून ठेवावी. आक्षेप यादीला नव्हता, तर दुसऱ्याच्या जीवनाला गुण देण्याला होता. अपंगत्वाकडे बाहेरून पाहणाऱ्याला ते जीवन असह्य वाटते. ते जगणारी माणसे मात्र आपल्या जीवनाला पुष्कळदा बरेच चांगले गुण देतात. जावे त्याच्या वंशा तेव्हा कळे, असे आपण म्हणतो ते उगाच नाही.

५. हिशोबातील खोट

आम्ही बँकेत दिवसभर आकड्यांतच असतो. त्यामुळे या विषयातील एक हिशोब सोपा करून सांगतो. उपचारांची किंमत तोलण्यासाठी अर्थशास्त्रज्ञ 'क्वाली' नावाचे माप वापरतात. पूर्ण निरोगी अवस्थेतील एक वर्ष म्हणजे १. आजार किंवा अपंगत्व असलेल्या अवस्थेतील वर्ष म्हणजे १ पेक्षा कमी, समजा ०.६.

आता असे धरा की दोघांना न्यूमोनिया झाला आहे. उपचाराचा खर्च प्रत्येकी ६०,००० रुपये आहे. दोघेही बरे झाल्यावर आणखी १० वर्षे जगतील. एक धडधाकट आहे, दुसरा चाकाच्या खुर्चीत आहे. पहिल्याच्या खाती १० क्वाली जमा होतात, म्हणजे एका क्वालीस ६,००० रुपये पडले. दुसऱ्याच्या खाती ६ क्वाली, म्हणजे एका क्वालीस १०,००० रुपये. औषध तेच, खर्च तोच, वाचलेली वर्षेही तेवढीच. तरी कागदावर दुसऱ्याचा जीव 'महाग' ठरला. बेरीज-वजाबाकी अचूक आहे. खोट आहे ती ०.६ या आकड्यात.

या मापाचा काहीच उपयोग नाही, असे आम्ही म्हणत नाही. इंग्लंडमध्ये १९९९ पासून 'नाइस' ही संस्था अशाच हिशोबाच्या आधारे औषधे स्वीकारते, आणि त्यामुळे औषध कंपन्यांशी भावाची घासाघीस करता येते. एकाच रोगावरील दोन औषधांची तुलना करायला हे माप चालेल. परंतु दोन माणसांची तुलना करायला ते वापरले की अन्याय सुरू होतो.

६. संरक्षण लेखी हवे

अमेरिकेतील अपंगांनी या भीतीवर कोणता उपाय शोधला? त्यांनी दयेची याचना केली नाही, लेखी नियम मागितले. १९७३ च्या पुनर्वसन कायद्याच्या कलम ५०४ ने सरकारी मदत घेणाऱ्या संस्थांना अपंगांबाबत भेदभाव करण्यास मनाई केली होती, पण नियमच निघत नव्हते. एप्रिल १९७७ मध्ये सान फ्रान्सिस्को येथील सरकारी इमारतीत शंभराहून अधिक अपंग स्त्री-पुरुषांनी ठिय्या दिला. कोणी चाकाच्या खुर्चीत, कोणी अंध, कोणी मूकबधिर. सुमारे पंचवीस दिवस ते तेथेच राहिले. त्यांना गरम जेवण कोणी पोचविले? ब्लॅक पँथर पक्षाच्या कार्यकर्त्यांनी! ज्या पँथरांच्या नावावरून १९७२ मध्ये मुंबईत दलित पँथरने आपले नाव घेतले, तेच हे पँथर. त्याच महिन्यात नियमांवर सही झाली.

२०१० च्या आरोग्य कायद्यातही अशी लेखी तरतूद झाली. मेडिकेअरमध्ये काय द्यायचे हे ठरविताना क्वालीमागील खर्चाची मर्यादा वापरू नये, असे त्यात स्पष्ट लिहिले आहे. तसेच २०१४ पासून आधीचा आजार किंवा अपंगत्व दाखवून विमा नाकारता येणार नाही असे ठरले. म्हणजे जो कायदा अपंगांच्या जिवावर उठणार असे सांगितले गेले, त्यानेच त्यांना विम्याचे दार उघडले. म्हणूनच जून २०१७ मध्ये तो कायदा मोडीत काढून मेडिकेडमध्ये मोठी कपात करण्याचा प्रस्ताव आला, तेव्हा 'अडॅप्ट' या संघटनेच्या अपंग कार्यकर्त्यांनी सिनेटमधील बहुमतवाल्या पक्षाच्या नेत्याच्या कार्यालयासमोर धरणे धरले. पोलिसांनी त्यांना उचलून नेले. पुढच्याच महिन्यात तो प्रस्ताव सिनेटमध्ये पडला.

लेखी नियमाचे मोल २०२० च्या कोरोना साथीत कळले. अलाबामा राज्याच्या जुन्या आराखड्यात, यंत्रे कमी पडल्यास तीव्र बौद्धिक अपंगत्व असलेल्यांना कृत्रिम श्वसनयंत्र देऊ नये, अशा आशयाचा मजकूर होता. अपंग संघटनांनी मार्चमध्ये तक्रार केली. केंद्र सरकारच्या नागरी हक्क कार्यालयाने चौकशी केली आणि एप्रिलमध्ये राज्याने तो मजकूर मागे घेतला. इंग्लंडमध्येही २० मार्च २०२० रोजी 'नाइस'ने दिलेल्या सूचनांत रुग्णाचा दुबळेपणा मोजण्याचे कोष्टक होते. संघटनांनी हरकत घेताच पाच दिवसांत, ते कोष्टक तरुणांना, दीर्घकाळ स्थिर अपंगत्व असलेल्यांना व बौद्धिक अपंगांना लावू नये, अशी दुरुस्ती झाली. मे २०२४ मध्ये अमेरिकेच्या आरोग्य खात्याने कलम ५०४ खाली, अपंगत्वामुळे जीवनाचे मोल कमी धरणारी मापे वापरून उपचार नाकारण्यास मनाई करणारा नियम जाहीर केला.

लढाई मात्र संपलेली नाही. जुलै २०२५ मध्ये तेथे मेडिकेडच्या खर्चात मोठी कपात करणारा कायदा संमत झाला आहे. त्यात कोणतेही 'मंडळ' नाही. पण पैसा आटला की रांगेच्या शेवटी कोण उभा राहतो, हे सांगायला नको.

७. धम्माच्या दृष्टीने

आता आपण वर्गात वाचलेल्या प्रसंगाकडे येऊ. एका भिक्खूला अतिसार झाला होता. तो स्वतःच्याच घाणीत पडला होता. तथागत आनंदासह तेथे आले. त्यांनी विचारले, तुझी शुश्रूषा कोणी का करीत नाही? भिक्खू म्हणाला, माझा इतर भिक्खूंना काही उपयोग नाही, म्हणून ते माझ्याकडे पाहत नाहीत. तथागतांनी आनंदास पाणी आणावयास सांगितले. दोघांनी मिळून त्याला धुतले, उचलून खाटेवर निजविले. नंतर संघास बोलावून सांगितले की तुम्हांला येथे आईबाप नाहीत. तुम्हीच एकमेकांची शुश्रूषा केली नाही तर कोण करणार? माझी सेवा करू इच्छिणाऱ्याने आजाऱ्याची सेवा करावी.

हा प्रसंग आपण अनेकदा वाचतो, पण त्या भिक्खूचे उत्तर चटकन विसरतो. 'माझा उपयोग नाही.' उपयोगावरून शुश्रूषा ठरविण्याची रीत अडीच हजार वर्षांपूर्वीच्या संघातही शिरली होती. तथागतांनी त्या भिक्खूचा उपयोग सिद्ध करून दाखविला नाही. त्यांनी ती कसोटीच बाजूला ठेवली. आणि केवळ करुणेवर न थांबता आजाऱ्याची शुश्रूषा कोणी करावी याचा संघासाठी नियम घालून दिला. उपाध्यायाने शिष्याची, शिष्याने उपाध्यायाची, आणि कोणीच नसेल तर संघाने.

डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनीही आपणांस हेच शिकविले. १९१९ मध्ये साऊथबरो समितीपुढे साक्ष देताना त्यांनी अस्पृश्यांना स्वतःचे प्रतिनिधी हवेत अशी मागणी केली, आणि पुढे गोलमेज परिषदेपासून घटनेपर्यंत लेखी संरक्षणाचा आग्रह धरला. बहुसंख्यांच्या सदिच्छेवर त्यांनी आपले भवितव्य सोपविले नाही. 'आमच्यावाचून आमच्याविषयी काही ठरवू नका' ही जगभरच्या अपंग चळवळीची घोषणा याच जातीची आहे. ज्यांच्या जन्मावरून त्यांचे मोल ठरविले गेले त्या समाजाला ती समजावून सांगावी लागू नये.

८. आपल्यापुरते

२०११ च्या जनगणनेनुसार भारतात २ कोटी ६८ लाख आणि महाराष्ट्रात सुमारे २९ लाख ६३ हजार अपंग व्यक्ती होत्या. १९९५ च्या कायद्यात अपंगत्वाचे ७ प्रकार होते. २०१६ च्या कायद्यात ते २१ झाले. सरकारी कागदपत्रांत आता 'दिव्यांग' हा शब्द आहे. याच कायद्याचे कलम २५ आरोग्यसेवेविषयी आहे. महात्मा ज्योतिराव फुले जन आरोग्य योजनेत आपल्याकडेही ठरावीक उपचारांचीच यादी असते. यादी असणे हे पाप नव्हे. ती कोणी केली, कोणत्या कसोटीवर केली आणि ती करताना अपंगांपैकी कोणी बसले होते काय, हे विचारण्याचा आपणांस अधिकार आहे.

त्या विद्यार्थ्याच्या प्रश्नाला आता आमचे उत्तर असे आहे. खाट एकच असेल तर निर्णय घ्यावाच लागेल. या उपचाराने या रुग्णाचा हा आजार बरा होण्याची शक्यता किती आणि निकड किती, एवढेच पाहून तो घ्यावा. तो अपंग आहे, कमावता आहे की नाही, याला त्यात स्थान नाही. आणि निर्णय झाल्यावर दुसरी खाट का नाही, हे विचारायला सर्वांनी मिळून जावे. नेहमी खाट एकच का असते, हाही अभ्यासाचाच विषय आहे.

पुढच्या वर्गात हे उत्तर मांडताना त्या भगिनींना आम्ही पुढच्या रांगेत बसण्याची विनंती करणार आहोत, आणि प्रथम त्यांना बोलू देणार आहोत.

अभ्यासवर्गासाठी प्रश्न

१) अफवा खोटी ठरल्यावरही लोकांची भीती का उरते? अमेरिकेतील दोन घटनांच्या आधारे सांगा.
२) ऑरेगनची १९९१ ची यादी केंद्र सरकारने का नाकारली?
३) लेखातील न्यूमोनियाच्या उदाहरणात ०.६ ऐवजी १ हा आकडा घालून हिशोब पुन्हा करा. काय फरक पडला?
४) आजारी भिक्खूच्या प्रसंगात तथागतांनी केवळ सेवा न करता नियम का घालून दिला?
५) आपल्या वस्तीतील एखाद्या अपंग व्यक्तीच्या घरी जाऊन, उपचार घेताना येणाऱ्या अडचणी तिच्याच तोंडून ऐका व वर्गात मांडा.

भवतु सब्ब मंगलम्. जय भीम.